पखालीला इंजेक्शन: फील्ड, सेटर की कन्स्ट्रक्टर?

पौड_रोड · सोमवार, रात्री ११:२०

मंडळी, टीममधल्या एका वादावर मत हवंय. एका क्लासला लागणारे दुसरे ऑब्जेक्ट स्प्रिंग (जावाचं फ्रेमवर्क) बाहेरून पुरवतं, याला डिपेंडन्सी इंजेक्शन किंवा डीआय म्हणतात; ते फील्डमधून घ्यायचे, सेटरमधून की कन्स्ट्रक्टरमधून? वाद जुनाच आहे, पण आता तो रिलीजच्या तारखेवर येऊन बसलाय.

ॲप्लिकेशन जनरल इन्शुरन्सचं आहे. पॉलिसी, एंडॉर्समेंट, रिन्यूअल, क्लेमचा पहिला टप्पा, सगळं एकाच मोनोलिथमध्ये. २०१५ साली सुरू झालं, तेव्हापासून चार टीम बदलल्या. साधारण ६०० बीन्स (स्प्रिंग बनवून सांभाळतं ते ऑब्जेक्ट) आहेत आणि जवळजवळ सगळीकडे फील्ड इंजेक्शन: प्रायव्हेट फील्ड, डोक्यावर ऑटोवायर्ड (स्प्रिंगला ‘हे तू भर’ सांगणारं ॲनोटेशन), विषय संपला. आम्ही स्प्रिंग बूट २.५ वर होतो. क्लायंटच्या सिक्युरिटी ऑडिटनंतर ३.२ वर जायचं ठरलं. जावा १७ झालं, जावॅक्सचं जकार्ता (पॅकेजांची नावं बदलणं) करून झालं आणि ॲप उठेचना. बूटने २.६ पासून सर्क्युलर रेफरन्सना (बीन्सनी गोल फिरून एकमेकांना मागण्याला) मनाई केलीय हे त्या दिवशी कळलं. प्रॉपर्टीत ॲलो-सर्क्युलर-रेफरन्सेस हा फ्लॅग ट्रू केला, ॲप उठलं, सगळे घरी गेले.

पुढचा उद्योग माझा. इंटेलिजे (आमचा कोड एडिटर) प्रत्येक फील्डखाली पिवळी रेघ ओढून ‘फील्ड इंजेक्शन नको’ म्हणत असतं. शनिवारी मोकळा होतो, तर चाळीसेक क्लास हौसेने कन्स्ट्रक्टरवर नेले, लॉम्बॉकचं (साचेबद्ध कोड आपोआप लिहिणारी लायब्ररी) रिक्वायर्ड-आर्ग्ज-कन्स्ट्रक्टर लावून. सोमवारी ॲप परत आडवं. कन्सोलवर तो बाणांचा चौकोन: पॉलिसीसर्व्हिस, तिथून प्रीमियमसर्व्हिस, तिथून एंडॉर्समेंटसर्व्हिस, आणि परत पॉलिसीसर्व्हिस. फ्लॅग ट्रू असूनही.

आता चार तट पडलेत. टेक लीड म्हणतात, मागे फिरा, फील्डने नऊ वर्षं काही बिघडलं नाही. मी म्हणतो, सगळे ६०० कन्स्ट्रक्टरवर न्या. क्लायंटचे आर्किटेक्ट म्हणतात, ॲनोटेशनच काढा, कॉन्फिगरेशन क्लासमध्ये हाताने बीन लिहा. आणि त्याच श्वासात क्वार्कसचं (स्प्रिंगऐवजीचं दुसरं जावा फ्रेमवर्क) नाव घेतात. आमच्या सगळ्यात ज्युनिअर मुलाने न बोलता अकरा ठिकाणी लेझी लावलं आणि ॲप चालू करून दाखवलं. खरं सांगतो, त्या क्षणी त्याला वडापाव खिलवावासा वाटला.

मोठ्या ॲपमध्ये तुम्ही काय निवडलंत? आणि फ्लॅग ट्रू असून ॲप का उठत नाही?

---

वर्किंग_कॉपी · सोमवार, रात्री ११:५२

टेक लीडशी सहमत. मी बारा वर्षं फील्ड इंजेक्शन लिहितोय, एकही प्रॉड (लाइव्ह सिस्टीमवरचा) इश्यू त्यामुळे आलेला नाही. तीन ओळींच्या जागी पंधरा ओळी लिहून कोणाचं भलं झालं? रिलीज डोक्यावर असताना ६०० फाइल्सचा पीआर (बदल मर्ज करायची विनंती) टाकणाऱ्याला मी तरी अप्रूव्हल देणार नाही.

---

एक्सएमएल_आजी · मंगळवार, सकाळी ६:४०

वय ४१, आजी फक्त या धंद्यात. २००५ साली नोकरीला लागले तेव्हा स्प्रिंग १.२ होतं आणि आमच्या वाट्याला २,३०० ओळींची एक एक्सएमएल फाइल होती, त्यात सगळी बीन्स. एका प्रॉपर्टीच्या नावात एक अक्षर चुकलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत शोधायचं. त्यामुळे ‘जुनंच बरं होतं’ हे माझ्या तोंडून येणार नाही.

आधी फ्लॅगचं, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं.

फील्ड इंजेक्शनमध्ये स्प्रिंग आधी रिकामा ऑब्जेक्ट बनवतं, त्याचा अर्धाकच्चा रेफरन्स बाजूला ठेवतं आणि मग फील्ड भरत बसतं. पॉलिसीला प्रीमियम हवं, प्रीमियमला एंडॉर्समेंट, एंडॉर्समेंटला पॉलिसी; तिथे तो अर्धाकच्चा पॉलिसी देऊन वेळ मारून नेता येते. सेटरचंही तसंच. कन्स्ट्रक्टरमध्ये ही सोयच नाही. आर्ग्युमेंट मिळाल्याशिवाय ऑब्जेक्ट जन्माला येत नाही, आणि तो जन्मल्याशिवाय दुसऱ्याला आर्ग्युमेंट मिळत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. फ्लॅगने फक्त अर्धेकच्चे रेफरन्स वाटायची परवानगी मिळते. इथे वाटायला काही नाहीच.

म्हणजे तुमच्या शनिवारच्या कामाने काही बिघडलेलं नाही. चक्र २०१५ पासूनच कधीतरी तयार झालंय, तुम्ही फक्त त्यावरची चादर ओढलीत. आणि आता टीममध्ये चर्चा कशावर चाललीय? चादर कुठल्या रंगाची घालायची यावर. आमच्या आजोळी म्हणायचे, रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. हा वाक्प्रचार आपल्या विषयासाठीच बनवलाय असं मला कधीकधी वाटतं.

तुमच्या तीन सर्व्हिसच्या चक्रात मी पैजेवर सांगते काय निघेल. प्रीमियमसर्व्हिस उघडा आणि त्यात पॉलिसीसर्व्हिसच्या किती मेथड वापरल्यात ते बघा. एक किंवा दोन असतील. त्यातली एक ‘पॉलिसी नंबरवरून पॉलिसी आण’ अशी असेल, जी आत रिपॉझिटरीला (डेटाबेसमधून वाचणाऱ्या क्लासला) फोन लावते आणि मिळेल ते परत करते. म्हणजे प्रीमियमला सर्व्हिस कधीच नको होती, रिपॉझिटरी हवी होती. कोणीतरी २०१७ साली डॉट दाबला, इंटेलिजेने ती मेथड सुचवली, झालं. आमच्याकडे सात चक्रं होती, त्यातली चार अशीच होती. आर्ग्युमेंट बदललं, चक्र गेलं, अर्ध्या दिवसाचं काम.

पाचव्यात गणित होतं. एंडॉर्समेंट आल्यावर उरलेल्या दिवसांचा प्रीमियम काढायचा, ही मेथड पॉलिसीसर्व्हिसमध्ये बसली होती. तारखा, रक्कम, दर, एवढंच तिचं इनपुट. डेटाबेस नाही, ट्रान्झॅक्शन नाही. तो वेगळा साधा क्लास केला आणि त्यावर सर्व्हिस, कंपोनंट काहीही लिहिलं नाही. जिथे लागतो तिथे न्यू करतो. हे लोकांना पटवायला सगळ्यात जड गेलं. डीआय शिकल्यापासून न्यू लिहिताना हात थरथरतो सगळ्यांचा. ज्याला बाहेरचं काही लागत नाही त्याला कंटेनरमध्ये (स्प्रिंगच्या बीन्सच्या डब्यात) का कोंबायचं?

सहावं चक्र स्वतःचं स्वतःशी. रिन्यूअलसर्व्हिसमध्ये रिन्यूअलसर्व्हिसच ऑटोवायर केलेली, फील्डचं नाव सेल्फ. आपल्याच क्लासमधली ट्रान्झॅक्शनल मेथड सरळ बोलावली तर मधला प्रॉक्सी (स्प्रिंगने पुढे उभा केलेला तोतया) बाजूला राहतो आणि नवं ट्रान्झॅक्शन उघडतच नाही, म्हणून कोणीतरी ही युक्ती केलेली. तिथे ट्रान्झॅक्शनटेम्प्लेट घेतलं. चार ओळी वाढल्या, पण वाचणाऱ्याला ट्रान्झॅक्शन कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते दिसतं.

सातवं खरं होतं. पॉलिसी इश्यू झाली की नोटिफिकेशनला सांगायचं, आणि नोटिफिकेशनला मजकुरासाठी पॉलिसी हवी. तिथे इव्हेंट टाकला, कमिट झाल्यावर ऐकणारा लिसनर लावला. याचा एक फायदा न मागता मिळाला: आधी ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं तरी ग्राहकाला ‘पॉलिसी तयार आहे’ असा मेसेज जायचा. तो बंद झाला.

तुमच्या ज्युनिअरला वडापाव द्या, मुलगा हुशार आहे, पण अकरा लेझी ठेवू नका. लेझी म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी प्रॉक्सी उभा करायचा आणि खरा पहिल्या कॉलला शोधायचा. चक्र तिथेच राहतं. उद्या त्यातल्या एकाने कन्स्ट्रक्टरमध्ये किंवा पोस्टकन्स्ट्रक्टमध्ये (बीन बनल्यावर लगेच चालणाऱ्या मेथडमध्ये) त्या लेझीवर मेथड मारली की परत तोच चौकोन, आणि तेव्हा तो वाचायला आणखी अवघड. रिलीजपुरते दोन-तीन लागले तर लावा, प्रत्येकाशेजारी तिकीट नंबर लिहून.

वर्किंग_कॉपी यांना: प्रॉड इश्यू आला नाही हे मान्य. मला आलाय, पण तोही कन्स्ट्रक्टर वापरताना, त्याचं नंतर. फील्डबद्दल माझी खरी तक्रार टेस्टची आहे. मॉकिटोचं (टेस्टसाठी नकली ऑब्जेक्ट, म्हणजे मॉक, बनवणारी लायब्ररी) इन्जेक्टमॉक्स वापरत असाल तर एक गंमत करून बघा. क्लासमध्ये सहावं फील्ड वाढवा आणि टेस्टमध्ये त्याचा मॉक लिहायला विसरा. टेस्ट कंपाइल होते, चालते, आणि भलत्याच ओळीवर नलपॉइंटर. कन्स्ट्रक्टर असून इन्जेक्टमॉक्स ठेवलंत तरी तेच, न सापडलेल्या आर्ग्युमेंटच्या जागी तो गुपचूप नल देतो. म्हणून मी टेस्टमध्ये सरळ न्यू करते. सहावं आर्ग्युमेंट वाढलं की टेस्ट कंपाइलच होत नाही, लाल रेघ तिथल्या तिथे.

आणि एक जुनी आठवण. स्प्रिंगची टीमच पूर्वी सेटर इंजेक्शनच्या बाजूने होती. ३.x च्या डॉक्युमेंटेशनमध्ये कारण दिलेलं होतं की कन्स्ट्रक्टरची आर्ग्युमेंट फार झाली तर सांभाळणं अवघड होतं. ४.x मध्ये शिफारस उलटली, कन्स्ट्रक्टर वापरा म्हणाले, आणि त्याच ढीगभर आर्ग्युमेंटला आता नाव मिळालं ‘कोडचा वास’: क्लासच्या अंगावर फार कामं आहेत, तो फोडा. लक्षण तेच, आधी ते झाकायचा सल्ला होता, नंतर बघायचा. ४.३ मध्ये, म्हणजे २०१६ ला, एकच कन्स्ट्रक्टर असेल तर ऑटोवायर्ड लिहायचीही गरज उरली नाही. त्यामुळे पंधरा ओळींचा हिशोब आता तितका खरा नाही.

तर ६०० एकदम नाही. ज्या क्लासला काही कारणाने हात लागेल तो बदला. आणि जिथे बांधणी सरळ नाही, म्हणजे बाहेरच्या लायब्ररीचे क्लायंट, एका प्रकारची दोन बीन्स, अटींवर ठरणारी निवड, तिथे आर्किटेक्ट म्हणतात तसं कॉन्फिगरेशन क्लासमध्ये हाताने बीन लिहा. सगळ्या ६०० साठी तसं केलंत तर माझी २,३०० ओळींची एक्सएमएल तुम्हाला जावामध्ये परत मिळेल. तिचं मला काही प्रेम नाही.

कुकर लावायचाय. क्वार्कसचं संध्याकाळी लिहिते.

---

नाशिकचा_डॉटनेट · मंगळवार, दुपारी १:१५

परक्या गावातून आलोय, पण विषय आमच्याकडेही तोच. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉटनेट कोअरमध्ये फील्ड की कन्स्ट्रक्टर हा वादच नाही, मुळातला कंटेनर फक्त कन्स्ट्रक्टर ओळखतो. आमची भांडणं ऑब्जेक्टच्या आयुष्यावर: सिंगलटन (ॲपभर एकच), स्कोप्ड (रिक्वेस्टपुरता) की ट्रान्झियंट (दर वेळी नवा).

आमचा किस्सा ऐका. एकाने दरांचा कॅशे सिंगलटन म्हणून नोंदवला आणि त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट) घेतला. डीबीकॉन्टेक्स्ट स्कोप्ड, एका रिक्वेस्टपुरता जगणारा. पण सिंगलटनने एकदा पकडला की तो सुटतच नाही, ॲप बंद होईपर्यंत तोच. याला ‘कॅप्टिव्ह डिपेंडन्सी’ म्हणतात, कैदेतली. एकेकट्याने टेस्ट केलं तर सगळं छान. दोन माणसांनी एकदम दर मागितले की एक्सेप्शन, आधीचं काम संपायच्या आत याच कॉन्टेक्स्टवर दुसरं सुरू झालं म्हणून.

आता गंमत. हे पकडायची तपासणी फ्रेमवर्कमध्येच आहे, स्कोप व्हॅलिडेशन. पण ती आपोआप चालू असते फक्त डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंटमध्ये. आमच्या लॅपटॉपवर सोयीसाठी एन्व्हायर्नमेंटचं नाव ‘लोकल’ ठेवलेलं, सर्व्हरवर ‘क्यूए’. डेव्हलपमेंट नावाचं एन्व्हायर्नमेंट आमच्याकडे कुठे नव्हतंच! तपासणी एकदाही चालली नाही. आता ती आणि बिल्डच्या वेळची व्हॅलिडेशन, दोन्ही कोडमध्ये स्पष्ट ट्रू केलीत, सगळीकडे.

स्प्रिंगमध्ये सिंगलटनमध्ये प्रोटोटाइप (मागितल्यावर दर वेळी नवा बनणारा बीन) टाकल्यावर हेच होत असणार ना?

---

एक्सएमएल_आजी · मंगळवार, रात्री ९:३०

नाशिककर, अगदी हेच, आणि आमच्याकडे तर हटकायला तेवढीही तपासणी नाही. प्रोटोटाइप एकदाच बनतो, सिंगलटन त्याला घेऊन म्हातारा होतो. दर वेळी नवा हवा असेल तर ऑब्जेक्टप्रोव्हायडर घ्यायचा आणि त्याच्याकडे मागायचा. रिक्वेस्ट स्कोपचं बीन असेल तर स्कोप्ड प्रॉक्सी. तुमचा ‘लोकल’चा किस्सा मी उद्या स्टँडअपला सांगणार आहे.

क्वार्कसबद्दल. त्याचा डीआय मला आवडतो. वायरिंग बिल्डच्या वेळीच सोडवतो, त्यामुळे न सापडणारं बीन बिल्डमध्येच कळतं, प्रॉडला पहाटे नाही. कोणी न वापरलेली बीन्स काढूनही टाकतो. आणि प्रायव्हेट फील्डवर इंजेक्ट केलंत तर रिफ्लेक्शन लागतं म्हणून तेही करू नका म्हणतो. पण पौड_रोड, तुमच्या ॲपमध्ये स्प्रिंग डेटा, स्प्रिंग सिक्युरिटी आणि रिन्यूअलसाठी बहुधा स्प्रिंग बॅच असणार. नळ गळतो म्हणून कोणी फ्लॅट विकत नाही. जायचं तर दुसऱ्या कारणाने जा, स्टार्टअपचा वेळ, मेमरी, काहीही. चक्रं मात्र सामानाबरोबर तिकडेही येतील.

---

पौड_रोड · बुधवार, रात्री १०:०५

आजी, पैज जिंकलात. प्रीमियमसर्व्हिसमध्ये पॉलिसीसर्व्हिसच्या दोन मेथड. एक पॉलिसी नंबरवाली, नुसता रिपॉझिटरी कॉल. दुसरी ‘पॉलिसी चालू आहे का’, म्हणजे दोन तारखांची तुलना. ती पॉलिसीच्याच क्लासमध्ये नेली. अठरा मिनिटं लागली. नऊ वर्षांत अठरा मिनिटं कोणाला मिळाली नाहीत.

पण बूट एका वेळी एकच चक्र दाखवतं. एक सोडवलं की पुढचं. आतापर्यंत पाच झाली. शेवट कुठे आहे कळत नाही.

आणि तुम्ही ‘त्याचं नंतर’ म्हणून सोडलेला प्रॉड इश्यू सांगाच. मी लॉम्बॉक लावलेल्या चाळीस क्लासपैकी सहांमध्ये क्वालिफायर (एका प्रकारच्या बीन्सपैकी कुठला हवा ते नावाने सांगणारं ॲनोटेशन) आहे, आमच्याकडे दोन जेडीबीसीटेम्प्लेट (डेटाबेसला क्वेरी करणारे ऑब्जेक्ट) आहेत. एक मुख्य डेटाबेसचा, एक रिपोर्टिंगच्या रेप्लिकाचा (मुख्याच्या प्रतीचा). मुख्यावर प्रायमरी आहे, म्हणजे नाव न दिल्यास तोच मिळतो. टेस्ट सगळ्या हिरव्या.

---

एक्सएमएल_आजी · बुधवार, रात्री १०:२०

थांबा. ते सहा क्लास मर्ज करू नका. झोपायच्या आधी हे वाचा.

माझा इश्यू तंतोतंत हाच होता. दोन जेडीबीसीटेम्प्लेट, एकावर प्रायमरी. रिपोर्टच्या क्लासमध्ये फील्डवर क्वालिफायर, रेप्लिकाचं नाव दिलेलं. फील्ड इंजेक्शन होतं तोवर बरोबर चालायचं. मग आमच्यातल्या एका उत्साही व्यक्तीने (मीच) ऑटोवायर्ड काढलं, फील्ड फायनल केलं, वर रिक्वायर्ड-आर्ग्ज-कन्स्ट्रक्टर लावलं. क्वालिफायर फील्डवर तसाच दिसत होता. रिव्ह्यूला दोघांनी बघितलं, दोघांनी अप्रूव्ह केलं.

लॉम्बॉक जो कन्स्ट्रक्टर लिहितं त्यात फील्डवरचा क्वालिफायर आपणहून पॅरामीटरवर नेत नाही. स्प्रिंग बघतं पॅरामीटरकडे. तिथे क्वालिफायर नाही, दोन उमेदवार, एक प्रायमरी. दिला प्रायमरी. एरर नाही, वॉर्निंग नाही. टेस्टमध्ये एकच इन-मेमरी डेटाबेस, त्यामुळे दोन्ही टेम्प्लेट तिथेच जाऊन भिडत होते, टेस्ट हिरवी.

महिन्याची ३१ तारीख, संध्याकाळी साडेपाच. शाखांमध्ये प्रीमियम भरायला रांग. कोणीतरी महिनाअखेरचा रिन्यूअल रिपोर्ट लावला. तो रेप्लिकावर चालायचा, चालला मुख्य डेटाबेसवर. कनेक्शन पूल भरला, पावत्या अडकल्या, सपोर्टचा ग्रुप पेटला. आम्ही दीड तास नेटवर्क तपासलं. डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) शेवटी चालू क्वेरींची यादी काढून विचारलं, ‘हा रिपोर्ट इथे काय करतोय?’ मी कोड उघडला तर समोर रेप्लिकाचा क्वालिफायर ठळक लिहिलेला. तो वाचून मी डीबीएशी पाच मिनिटं वाद घातला की असं होणं शक्यच नाही. त्या पाच मिनिटांची लाज अजून वाटते.

दोन उपाय आहेत. प्रोजेक्टच्या मुळाशी लॉम्बॉक डॉट कॉन्फिग फाइलमध्ये कॉपीएबल-ॲनोटेशन्समध्ये स्प्रिंगच्या क्वालिफायरचं पूर्ण नाव घाला. मग लॉम्बॉक तो पॅरामीटरवर नेतं. दुसरा, आम्ही घेतला तो: ज्या क्लासमध्ये क्वालिफायर आहे तिथे लॉम्बॉक नाही, कन्स्ट्रक्टर हाताने, क्वालिफायर पॅरामीटरवर. कॉन्फिगची फाइल कोणी उडवली तरी हे उडत नाही. मोठ्या टीममध्ये कुठल्या तरी मॉड्यूलच्या कोपऱ्यात बसलेल्या दोन ओळींच्या फाइलवर महिनाअखेर अवलंबून ठेवायची माझी हिंमत नाही.

आणखी एक, ३.२ ला जाताय म्हणून. ज्यांच्याकडे एका प्रकारची दोन बीन्स आहेत, प्रायमरीही नाही आणि क्वालिफायरही नाही, त्यांचं नुसतं पॅरामीटरच्या नावावर निभावत असतं. स्प्रिंग ६.१ पासून, म्हणजे तुमच्या बूट ३.२ मध्येच, डीबग माहितीतून नावं उकरून काढायची जुनी सोय गेली. कंपायलरला मायनस पॅरामीटर्स द्यावं लागतं. बूटचा पॅरेंट पॉम (बिल्डची सामायिक सेटिंग फाइल) वापरत असाल तर ते आपोआप मिळतं. कंपनीचा स्वतःचा पॅरेंट पॉम असेल तर बघून घ्या. आमचा होता.

चक्रांबद्दल: एकेक करून दिसतात हे खरं. फ्लॅग फॉल्सच ठेवा, म्हणजे फील्डवाली चक्रंही दिसतील. आणि ज्या सर्व्हिसचं नाव दोनदा येतं तिच्यापासून सुरू करा. आमच्याकडे एका युटिलिटीसर्व्हिस नावाच्या दैत्याला फोडलं तेव्हा दोन चक्रं एकदम गेली.

---

वर्किंग_कॉपी · गुरुवार, सकाळी ९:१०

म्हणजे आजी, तुमचा प्रॉड इश्यू कन्स्ट्रक्टरवर नेल्यामुळेच आला. फील्ड ठेवलं असतं तर रिपोर्ट रेप्लिकावरच चालला असता. मी हे प्रिंट काढून डेस्कवर लावू का?

---

एक्सएमएल_आजी · गुरुवार, सकाळी ९:२५

लावा. पण खाली बारीक अक्षरात लिहा की कन्स्ट्रक्टर मी लिहिलाच नव्हता, लॉम्बॉकने लिहिला होता. हाताने लिहिला असता तर टाइप करताना क्वालिफायर आपोआप पॅरामीटरवर गेला असता. तुमचं म्हणणं एका बाबतीत मी घेते: यांत्रिकपणे, दुसऱ्या कुठल्याही कारणाशिवाय, चालणारा क्लास बदलू नये. मी ते केलं आणि भोगलं. टेस्ट क्लासमध्ये तर मीही फील्डवर ऑटोवायर्ड लिहिते, तिथे कोणाला न्यू करायचंय?

नवे क्लास फील्डवाले येऊ नयेत म्हणून आम्ही आर्कयुनिट (कोडच्या रचनेचे नियम टेस्टमध्ये तपासणारी लायब्ररी) लावलं. फील्ड इंजेक्शन नको हा नियम त्यात तयार मिळतो. तो फ्रीझ करून ठेवायचा: आज असलेली सगळी उल्लंघनं फाइलमध्ये नोंदवून माफ, उद्यापासून नवं आलं तर बिल्ड पडतं. त्या फाइलमधल्या ओळी हळूहळू कमी होतात. पीआरच्या कॉमेंटमध्ये रोज तेच भांडण करण्यापेक्षा मशीनला वाईटपणा घेऊ द्या.

---

वर्किंग_कॉपी · गुरुवार, सकाळी ९:४०

आर्कयुनिटचं फ्रीझ माहीत नव्हतं. हे बरं आहे. प्रिंट तरी लावतोच.

---

पौड_रोड · तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:००

अपडेट देतो, नाहीतर शोधत येणारा पुढचा माणूस शिव्या घालेल.

एकूण नऊ चक्रं निघाली. सहा आजींच्या ‘रिपॉझिटरी हवी होती’ जातीची. एक सेल्फवालं, ट्रान्झॅक्शनटेम्प्लेटने गेलं. एक इव्हेंटने. एक अजून उभं आहे, ऑडिट आणि युजर यांच्यातलं, तिथे एक लेझी आणि शेजारी तिकीट. ज्युनिअरच्या अकरापैकी दहा त्यानेच काढले, वडापाव वसूल. फ्लॅग काढून टाकला.

क्वालिफायरवाले सहा क्लास हाताने लिहिले. त्याआधी उत्सुकता म्हणून लॉम्बॉकवाला एक तसाच चालवून, इंजेक्ट झालेल्या टेम्प्लेटच्या डेटासोर्सची यूआरएल लॉग केली. मुख्य डेटाबेस! सहाही क्लास शनिवारच्या हौसेत प्रॉडला गेले असते. आता तेवढ्यासाठी एक टेस्ट लिहिलीय, दोन वेगळे इन-मेमरी डेटाबेस उभे करून. पॅरेंट पॉम आमचाही कंपनीचाच निघाला. मायनस पॅरामीटर्स नव्हतं, घातलं.

आर्किटेक्टना कॉन्फिगरेशन क्लास दिलेत: पेमेंट गेटवेचे दोन क्लायंट, दोन डेटासोर्स आणि एसएमएस. तेवढ्यावर खूश आहेत. क्वार्कसचा विषय पुढच्या तिमाहीवर गेला.

सगळ्यात मोठा गोंधळ क्लेमसर्व्हिसचा. चक्र सोडवताना तिला हात लावावाच लागला, तर कन्स्ट्रक्टरमध्ये १७ आर्ग्युमेंट. स्क्रीनवर मावेनात. टेक लीडनी पीआरवर कॉमेंट टाकली: ‘फील्डच बरं होतं, निदान दिसत तरी नव्हतं.’ पाच मिनिटांनी स्वतःच तिच्याखाली लिहिलं: ‘सर्व्हेअरचं आणि गॅरेजचं वेगळं करता येईल, मंगळवारी बसू.’ मंगळवारी बसलो. सर्व्हेअर नेमण्याचं सगळं बाहेर काढलं, क्लेमसर्व्हिस अकरावर आली. गॅरेजचं रिलीजनंतर.

आजी, एक विचारायचं राहिलं. ऑडिटला युजर हवा तो फक्त नाव लिहायला, आणि युजरसर्व्हिस प्रत्येक बदलाला ऑडिट बोलावते. ऑडिटने सिक्युरिटी कॉन्टेक्स्टमधून (स्प्रिंग सध्याचं लॉगिन ठेवतं त्या जागेतून) नाव घेतलं तर चालेल का? रात्रीच्या बॅचमध्ये तिथे कोणी लॉगिन नसतं, म्हणून अडलोय.

---

एक्सएमएल_आजी · रविवार, संध्याकाळी ७:१०

चालणार नाही, बॅचमध्ये नल मिळेल आणि ऑडिटच्या रकान्यात रिकामी जागा. एक छोटा इंटरफेस करा, ‘सध्याचा वापरकर्ता कोण’ एवढी एकच मेथड. वेबसाठी एक अंमलबजावणी, सिक्युरिटी कॉन्टेक्स्ट वाचणारी. बॅचसाठी दुसरी, जॉबचं नाव परत देणारी. ऑडिट फक्त इंटरफेस मागेल, युजरसर्व्हिसचं तोंडही बघणार नाही. कुठली द्यायची ते प्रोफाइलवर कॉन्फिगरेशन क्लासमध्ये ठरवा. बॅच आणि वेब एकाच प्रोसेसमध्ये चालत असतील तर मात्र प्रोफाइलने भागणार नाही. तसं असेल तर सांगा, वेगळं लिहिते.

---

पौड_रोड · रविवार, संध्याकाळी ७:१८

एकाच प्रोसेसमध्ये चालतात.

---

एक्सएमएल_आजी · रविवार, संध्याकाळी ७:२१

वाटलंच होतं. मग एकच अंमलबजावणी: सिक्युरिटी कॉन्टेक्स्टमध्ये ऑथेंटिकेशन असेल तर ते नाव, नसेल तर एक्सेप्शन, ‘सिस्टीम’ नाही. आणि बॅचचा जॉब सुरू होताना त्याच थ्रेडवर जॉबच्या नावाचं ऑथेंटिकेशन ठेवा, संपताना फायनलीमध्ये काढा. काढायला विसरलात तर पूलमधला तोच थ्रेड पुढच्या कामाला जुनं नाव चिकटवेल. टप्पे वेगवेगळ्या थ्रेडवर पळत असतील तर टास्क एक्झिक्युटरलाही हे सांगावं लागेल. जॉबचा कॉन्फिग टाका इथे, नावं झाकून. जेवून आल्यावर बघते.